मिरचीच्या पथारीवरचा कॅमेरा

माणसं बघून बघून माझा डोळा विटला आहे, मित्रांनो. माझा डोळा म्हणजे काच. तुम्हाला एखादी गोष्ट बघवली नाही की तुम्ही डोळे मिटून घेता. मला पापणी दिलेली नाही. समोर जे आणून उभं करतील ते मुकाट्याने बघायचं आणि फिल्मवर उतरवायचं, एवढंच माझं काम. मी चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा, आता जुना झालेला. नंदुरबारला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पितांबरचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या फळीवर मी बसून असतो. मॅट्रिकच्या अर्जाला लावायचा फोटो काढायला तुम्ही तिथे येता. केस पाण्याने चापून बसवता, थोरल्या भावाचा शर्ट अंगात घालता आणि शेजाऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधता. वरून बघताना मला वाटतं, या फोटोत पोराचं स्वतःचं असं फक्त नाकच असावं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात, लढाईच्या वर्षांत झाला. मला लढाईसाठीच घडवलं. विजेची तार लागत नाही, बॅटरी लागत नाही. चावी पिळली की पोटातली स्प्रिंग फिल्म ओढू लागते आणि स्प्रिंग सैल झाली की मी थांबतो. तोंडावर एक फिरती चकती आहे आणि तिच्यावर तीन भिंगं. बघायची खिडकी मात्र बाजूला, वेगळी. या खिडकीतून कोण कुठे बसलं आहे तेवढंच कळतं. कोण स्पष्ट येणार आणि कोण धुरकट, ते खिडकी सांगत नाही. ते भिंगावरच्या कड्याला माहीत असतं आणि ते कडं फिरवणाऱ्या हाताला.

लढाईत मला विमानातून खाली बघायला लावलं. मी काय पाहिलं ते मुलांना सांगण्यासारखं नाही. पण एक गोष्ट त्या जागेच्या जमेला धरतो. तिथे मरणाऱ्या माणसाला कोणी 'जरा हसा' म्हणत नव्हतं.

लढाई संपली. सैन्याला नको झालेल्या भंगाराबरोबर मी मुंबईच्या जुन्या बाजारात आलो. एका बाजूला फुटके कंदील, दुसऱ्या बाजूला एका पायाचा बूट, आणि मधे मी. तिथून मला पितांबरने उचललं. त्याने आधी माझी काच उन्हात धरून बघितली आणि मग कान लावून चावी ऐकली. माणूस जाणकार होता.

पितांबर मूळचा नंदुरबारचा. मुंबईच्या एका स्टुडिओत तो मोठ्या छायालेखकाच्या हाताखाली फोकस ओढायचा. म्हणजे नटी पुढे आली की भिंगाचं कडं तेवढंच फिरवायचं आणि ती मागे सरली की तेवढंच उलटं. चूक झाली तर नटीचं तोंड धुक्यात जातं आणि सगळा स्टुडिओ फोकसवाल्याला शिव्या देतो. चूक झाली नाही तर कोणाला काही कळतच नाही. पडद्यावर नटीचा डोळा पाण्याने चमकला की लोक रुमाल काढतात. ती चमक दिव्याची असते. दिवा कुठे ठेवायचा ते छायालेखक ठरवतो आणि तो डोळा धुक्यात जाऊ देत नाही फोकसवाला. टाळ्या नटीला मिळतात, हार निर्मात्याला, आणि फोकसवाल्याला आर्क दिव्यांच्या धुराने सुजलेले डोळे.

पितांबर एकदा सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या धुडकूमामाने त्याला ओसरीवर बसवून विचारलं, "सिनेमामा तू काय करस रे?"

"फोकस वढस, मामा."

"वढस? म्हंजे हमालच ना? मंग आपला स्टेशनवर काय हमाली कमी व्हती?"

पुढे तो स्टुडिओ बंद पडला. पितांबर सुजलेले डोळे आणि मला घेऊन कायमचा नंदुरबारला परतला. लग्नाचे फोटो काढू लागला. फोटोच्या कॅमेऱ्याला काम होतं, मला नव्हतं. मी फळीवर चढलो ते तेव्हा पहिल्यांदा.

मग सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात नेमीचंद शेट दुकानाची पायरी चढले.

नेमीचंद मिरचीचे व्यापारी. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घालतात ते तुम्ही पाहिलंच आहे. नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल. त्याला पथारी म्हणतात. त्यातली मोठी पथारी नेमीचंदची. हा माणूस कोणाशीही बोलताना समोरच्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवतो, जणू तोलून पोत्यात भरायचा आहे.

"पितांबरभाऊ," ते म्हणाले, "आपली मिरची पडद्यावर आणायची. सुरतेला व्यापाऱ्यांचा मेळावा आहे. व्यापारी खुर्चीत बसेल आणि मिरची त्याच्यासमोर चालत येईल."

"पण शेटजी, सिनेमा पाहून तिखट किती ते कसं कळायचं?"

"ते तुझं काम."

अशा रीतीने मला पथारीवर नेलं. मित्रांनो, वाळूतून गेलो, समुद्राचं खारं पाणी खाल्लं, पण मिरचीच्या पुडीसारखी घाण दुसरी नाही. ती हवेत तरंगते, तेलात बसते, दातेरी चाकांत शिरते. माझ्या पोटात आजही ती आहे. बाया दिवसभर तिथे बसून मिरचीचे देठ खुडतात आणि खोकतात. एक थांबली की दुसरी सुरू होते. शेट तिथे येताना नाकाला अत्तराचा बोळा लावून येतात.

आमची सिनेमाची फिल्म काळी-पांढरी. पहिला नमुना मुंबईला धुऊन आला आणि शेटच्या गोदामात पांढऱ्या धोतरावर दाखवला. पडद्यावर मिरची काळी ठिक्कर.

"ही मिरची आहे का दगडी कोळसा?" शेट ओरडले.

पितांबरने समजावलं की या फिल्मवर लाल रंग गडद उतरतो. भिंगापुढे लाल काच लावली तर लाल रंग उजळ दिसेल. शेट म्हणाले, लाव. दुसऱ्या नमुन्याला शेट आणि त्यांची बायको जडावबाई मिरचीच्या ढिगापुढे खुर्च्या मांडून बसले. जडावबाईंनी अंगावर घरातले सगळे दागिने घातले होते आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

नमुना धुऊन आला. पुन्हा गोदामात धोतर बांधलं. मिरची अशी उजळली होती की शेटने मांडीवर थाप मारली. तेवढ्यात जडावबाईंनी किंकाळी फोडली.

"म्हारो कुंकू कठै गयो?"

पडद्यावर जडावबाईंचं कपाळ कोरं होतं. नथ होती, हार होता, बाजूबंद होते, आणि कुंकू नव्हतं. शेजारी शेट बसलेले. बाईंनी एकदा पडद्यावरच्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या.

"अगं मी इथेच आहे," शेट छाती चाचपत म्हणाले. "जिवंत आहे."

"बाईसाहेब, काच लाल आहे म्हणून लाल कुंकू उजळलं आणि कातडीत मिळून गेलं," पितांबर सांगत होता. ऐकतंय कोण?

"बळो थारी काच!" म्हणून जडावबाई उठून गेल्या. पुढचे आठ-पंधरा दिवस शेटला साधा खोकला आला तरी वैद्य बोलवत होते. नवऱ्याचा सगळा जीव आपल्या कपाळावर चिकटलेला आहे असं मानणारी ती बाई, आणि तो धुऊन निघाला की काय म्हणून घाबरलेला तो नवरा. मला दोघांचीही शिसारी आली.

या प्रकारानंतर शेटचा पितांबरवरचा विश्वास उडाला. त्यांनी ठरवलं की इथून पुढे चावी पिळण्याआधी आपण स्वतः खिडकीतून बघायचं. ते पायजम्याची गाठ सावरत माझ्या बाजूला वाकत, एक डोळा मिटत, आणि "हां, चालेल" म्हणत. त्यांना वाटायचं आपल्याला सगळं दिसतं आहे.

आता सिनेमातल्या माणसांची निवड झाली. शेटची धाकटी मुलगी कोकिळा लग्नाची झाली होती. सुरतेच्या मेळाव्याला चांगल्या घरचे व्यापारी येणार होते. तेव्हा मिरची खुडायला कोकिळाच बसेल असं शेटने जाहीर केलं. एकाच रिळात मिरचीही दाखवायची आणि मुलगीही दाखवायची. बापाने आपल्या पोरीला ढिगावर मांडलेलं मी तेव्हा पाहिलं. ढिगातल्या निवडक मिरच्या वर लावतात ना, तसं.

कोकिळाला मिरची खुडता येत नव्हती. ती बसली की शिंकायची. शिंकली की नाक लाल, डोळे लाल. रीळ वाया.

"खुडणारे हात दुसरीचे घे," शेटने हुकूम सोडला. "हात मजुरणीचे आणि तोंड कोकिळाचं. सिनेमात असं करतात ना?"

"करतात, शेटजी," पितांबर म्हणाला. त्याने मुंबईत तेच तर केलं होतं. एकीचा गळा, दुसरीचे पाय, तिसरीचं तोंड, आणि पडद्यावर एक नाव.

हातांसाठी पितांबरने रंजनाबाईला निवडलं. पथारीवर तिच्याइतके भरभर हात कोणाचे चालत नव्हते. मला तिच्या बोटांजवळ नेऊन ठेवलं. नखं झिजून गेलेली, बोटांची टोकं काळी, आणि प्रत्येक देठ असा निघत होता की मिरचीला कळूही नये. माझ्या सगळ्या आयुष्यात मला न विटवणारं जे थोडं दिसलं, त्यात हे हात.

काम संपल्यावर रंजनाबाई तिथेच बसून राहिली. पितांबर भिंग पुसत होता.

"भाऊ, ह्या सिनेमा कथा कथा जाई?" तिने विचारलं.

"सुरतले जाई. मंग शेट तंबू सिनेमावालासले देनार शे. खेळना आगोदर दखाडतीन. जाहिरात म्हनीसन."

"समदा तंबूसमा?"

"बराच तंबूसमा. काबर?"

मग तिने सांगितलं. तिचा मुलगा उखा. विशीतला. बाप मेल्यावर तिने त्याला पथारीवर बसायला सांगितलं आणि त्याने तोंडावर नाही म्हटलं. रागात तिने त्याच्या थोबाडीत मारली.

"मिरचीना हात व्हता मन्हा, भाऊ. तसाच तोंडवर मारी दिन्हा. डोया चोयत चोयत घरमाईन निंघी गया. परत उना नही." तिने एक देठ खुडून टाकला. "एक जन म्हने, तंबू सिनेमामा मशीन चालाडस. कोन्ता तंबू, कोन्त गाव, कोनले ठाव? जिवत शे का नही तेबी माले ठाव नही. मन्हं तोंड पडदावर उनं तं तो दखी. दखीन तं घर ई."

पितांबरने भिंग पुसायचं थांबवलं. "तुन्हं तोंड ई, माय. मी काढस."

दुसऱ्या दिवशी त्याने शेटला सहज सुचवलं की हात हिचे आहेत, तर एखाद्या चित्रात हिचं तोंडही असू द्यावं.

शेटने बोळा नाकापासून दूर केला. "तिचं तोंड? घाम, धूळ, फाटकं लुगडं. बघणाऱ्याला किळस येईल, पितांबर! माल विकायचा आहे आपल्याला."

किळस म्हणे. मित्रांनो, मला जीभ असती तर मी त्या दिवशी शेटला सांगितलं असतं की किळस कशाची येते ते. ज्या हातांनी माल साफ होतो ते हात चालतात, आणि त्या हातांना जोडलेलं तोंड चालत नाही.

पितांबर वाद घालत बसला नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे, शेटजी. पण कोकिळाबेन एकट्या बसल्या तर पथारी ओसाड दिसेल. मागे एक-दोन बाया काम करताना असू द्या. मी त्यांना धूसर ठेवतो."

"धूसर म्हणजे?"

"धुक्यात असल्यासारख्या. ओळखू येणार नाहीत."

शेट खूश झाले. पुढे कोकिळा बसली, मागे रंजनाबाई. शेटने खिडकीतून पाहिलं. खिडकीत दोघीही मुंगीएवढ्या आणि दोघीही सारख्याच.

"मागची धूसर आहे ना?"

"आहे, शेटजी."

लाल काच लावली की उजेड निम्म्याहून जास्त खाल्ला जातो. मग भिंगाचं भोक मोठं करावं लागतं, आणि भोक मोठं असलं की एकच जण स्पष्ट येतो, पुढचा तरी किंवा मागचा तरी. शेटने खिडकी सोडली आणि पितांबरने कडं फिरवलं. कोकिळावरून पुढे, मागे, थेट रंजनाबाईवर.

कोकिळा शेटची मुलगी असली तरी आंधळी नव्हती. पितांबरने टेप लावून भिंगापासूनचं अंतर मोजलं तेव्हा फीत तिच्याजवळ थांबली नाही, तिच्या खांद्यावरून मागे गेली. तिने ते पाहिलं. बाप पोत्यांच्या थप्पीकडे गेला होता. ती ओठ न हलवता म्हणाली, "दादा, मी धुरकट आले तर चालेल. नाहीच आले तर जास्त चांगलं."

"बापूजींना सांगशील?"

"कशाला सांगू? सुरतेचे लोक मिरचीला नाकारतील का मला, एवढंच बघायचं राहिलंय," ती म्हणाली आणि शिंक दाबण्यासाठी दातांखाली जीभ धरली.

पितांबरने चावी पिळली. मी चालू झालो. कोकिळाने मान खाली घालून देठ खुडायचं नाटक सुरू केलं. मागे रंजनाबाईही मान खाली घालून खुडत होती. काम करणारं माणूस हातांकडेच बघतं, तोंड वर करत नाही. स्प्रिंग सैल होत चालली होती. तेव्हा पितांबर एकदम तिच्या मागच्या रस्त्याकडे बघून ओरडला, "अरे उखा!"

माझ्यात आवाज येत नाही, आवाज नंतर वेगळा चढवतात. माझ्यात आलं ते रंजनाबाईचं तोंड. तिने झटकन मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वळून रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या तोंडावर काय होतं ते सांगायला तुमच्या शाळेच्या पुस्तकात शब्द नसेल. स्प्रिंग संपली आणि मी थांबलो.

रस्त्यावर कोणी नव्हतं. एक बैलगाडी होती.

रंजनाबाई उठून आली. तिने पितांबरच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "असा खेळ नको करू रे भाऊ. असा नको करू."

पितांबर मान खाली घालून उभा राहिला. मला त्याचाही तिटकारा आला, मित्रांनो. छायालेखकाचं कसब म्हणतात ते असंही असतं. चांगलं तोंड मिळवण्यासाठी माणसाच्या काळजात बोट घालायचं. आणि वाईट हे की तोंड चांगलं मिळालं होतं.

"कोण उखा?" शेटने थप्पीपासून विचारलं.

"गाडीवाला, शेटजी. चित्रात येत होता."

सिनेमा तयार होऊन आला तो मेळाव्याला दोन दिवस उरले असताना. गोदामात दाखवला. कोकिळा ढगासारखी पांढुरकी, आणि तिच्या मागे रंजनाबाईच्या पापणीवरची धूळसुद्धा मोजता येईल अशी. शेट लालेलाल झाले. हे चित्र काढून टाक म्हणाले. पितांबरने शांतपणे बाकीची रिळं दाखवली. एकात कोकिळा शिंकते. दुसऱ्यात शिंकते. तिसऱ्यात नाक पुसते. शिंक नसलेलं चित्र हे एकच. पथारी उठून गेली होती, मिरची पोत्यांत भरली होती, नवीन काही काढता येणार नव्हतं. शेटला ते ठेवावं लागलं.

सुरतेला व्यापाऱ्यांनी नेमकं तेच चित्र नावाजलं. म्हणाले, मागची बाई अस्सल वाटते, तिच्याकडे पाहूनच मिरची तिखट असणार हे कळतं. शेटने ताबडतोब मान डोलवली. "मीच सांगितलं होतं तसं काढायला." आणि तंबूवाल्यांना देण्याआधी त्यांनी सिनेमाच्या सुरुवातीला नाव घातलं: छायालेखन, नेमीचंद. खिडकीतून बघितलं होतं ना त्यांनी! पितांबरचं नाव कुठेच नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, सवय आहे. मला त्या हसण्याचाही वीट आला.

सिनेमा नवापूरकडे गेला, व्याऱ्याला गेला, दोंडाईचा, शिरपूर, तापीकाठच्या गावोगावच्या तंबूंत फिरला. रंजनाबाई बाजाराच्या दिवशी दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत यायची नाही. पितांबर मान हलवून 'नाही' म्हणायचा आणि ती निघून जायची. पावसाळा आला, गेला.

दिवाळीनंतर सिनेमाचा डबा शेटकडे परत आला. ठिकठिकाणी तुटलेला, म्हणून दुरुस्तीला पितांबरकडे. तो फिल्म बोटांतून सरकवत बघत बसला. कुठे ओरखडे, कुठे तंबाखूचे डाग, कुठे कोणीतरी विडीने पाडलेलं भोक. तंबूतली माणसं फिल्मचं काय करतात ते बघितलं तर तुम्हालाही ओकारी येईल. मग त्याची बोटं थांबली.

रंजनाबाईच्या त्या चित्रात फिल्म जोडल्याचा एक सांधा होता. बाकीचे सांधे वेडेवाकडे, हा मात्र असा स्वच्छ की नखालाही लागू नये. बरोबर चौकटीच्या रेघेवर कापलेला, नीट खरवडून चिकटवलेला. रंजनाबाई खाली मान घालून खुडते आहे, आणि लगेच शेटचं गोदाम. मधलं तोंड वर केलेलं गायब.

मशीन चालवणारे ऑपरेटर फिल्मचे तुकडे कापून ठेवतात, हे पितांबरला ठाऊक होतं. नटीचे कापतात, नाचाचे कापतात, मुलांना विकतात. पण मिरची खुडणाऱ्या मजुरणीचं तोंड कोण कापून ठेवील? आणि इतक्या जपून?

त्या दिवशी बाजार नव्हता. पितांबर दुकान उघडं टाकून पथारीवर धावत गेला. मला तो काखेत घेऊन गेला, का ते त्यालाही माहीत नसावं. म्हणून मी हे पाहिलं.

"माय, तुन्हं तोंड कोनी कापी लई गया," तो धापा टाकत म्हणाला.

"कापं? काबर कापं?" रंजनाबाई घाबरली. "शेटनी?"

"नही. मशीनवालानी. जपीसन कापेल शे, माय. सोनार कापस तसं. तुन्हं तोंड दुसरा कोन कापी?"

तिला समजायला वेळ लागला. हातातल्या मिरच्या खाली पडल्या.

"म्हंजे जिवत शे," ती म्हणाली.

आसपासच्या बायांचं खुडणं थांबलं. मग रंजनाबाईचा चेहरा बदलला. ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "मुडदा! मायनं तोंड लई गया आनि माय आठेच ठेई गया! पाय नव्हतात का तुले?"

बाया हसल्या. तीही हसली. आणि मग बराच वेळ पदरात तोंड घालून बसली. पोराचीही मला चीड आली, खरं सांगतो. खिशात आई ठेवायची आणि घरी यायचं नाही, असा हा हिशेब.

त्या हिवाळ्यापासून नंदुरबारला जो कोणता तंबू लागेल तिथे रंजनाबाई जाऊ लागली. जमिनीवर बसायचं तिकीट काढायची, मधोमध बसायची आणि पडद्याकडे पाठ करायची. सगळं गाव पडद्याकडे तोंड करून बसलेलं, आणि ही एकटी मशीनकडे.

"ओ माय, सिनेमा इकडे शे!" पोरं ओरडायची.

"तुम्हीन तुमनं दखा. मी मन्हं दखस."

शेजारी बसलेले तिला कोपराने ढोसायचे. वेडी म्हणायचे. कोणीतरी भुईमुगाची टरफलं तिच्या डोक्यावर टाकायचं. पैसे देऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याने भलतीकडे बघितलेलंही खपत नाही.

एक हिवाळा असा गेला. दुसरा गेला. मग साठ साली नवं राज्य झालं, शाळेत पेढे वाटले, आणि त्या वर्षी थंडीत गुजरातकडून एक तंबू आला. पितांबर तिथे तंबूच्या मालकाचा फोटो काढायला गेला होता. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी पुसताना सांगितलं.

खेळ रंगात आला होता. मशीनच्या खोलीतल्या भोकातून ऑपरेटरला रोज काय दिसतं? डोक्यांच्या मागच्या बाजू. पागोटी, टोप्या, अंबाडे. त्या दिवशी डोक्यांच्या त्या गर्दीत, मशीनच्याच उजेडात, एक तोंड त्याच्याकडे बघत होतं.

पडद्यावर नायक नदीत उडी मारायला निघाला होता, तो तसाच अडकला. चित्र पिवळं पडलं, मधे फोड आला, जळालं. मग पडदा नुसता पांढरा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "पैसा परत द्या!" "मशीनवाला झोपना का?" कोणी चप्पल फेकली. तंबूचा मालक मशीनकडे धावला. दिवा जळत होता, दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं.

ऑपरेटर गर्दीतून माणसांच्या मांड्या तुडवत, शिव्या खात, मधोमध येऊन उभा राहिला होता. रंजनाबाईने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"मशीन सोडीसन काबर उना रे?" ती म्हणाली. "दख, लोके बोंबलतस."

"मंग तू काबर उलटी बठनी?" उखा म्हणाला. तो तिच्यासमोर टरफलांत बसला. तिने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. लुगड्याला दोन्ही बाजूंनी नीट पुसला. मग त्याच्या गालावर ठेवला.

भोवती लोक पैशासाठी ओरडत होते. त्यांना नायक नदीत पडला की नाही तेवढंच हवं होतं.

उखा आता याच गावात मशीन चालवतो. त्या तुकड्याची विचारपूस करायला पितांबर गेला होता. खिशात ठेवून ठेवून घामाने तो तुकडा चिकट झाला, त्यावरचं तोंड पुसून गेलं. पितांबर त्याला खूप बोलला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला सांभाळायचं असेल तर मी सांगतो ते ऐका. माझी काच तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. माझ्या पोटात तेल घाला, पण थेंबभर. फिल्म खिशात ठेवू नका, कापू नका, आणि विडी ओढणाऱ्याला तिच्याजवळ बसू देऊ नका. एवढं कोणीही करील. यापेक्षा अवघड काम दुसरं आहे. उद्या तुमच्या हातात एखादा कॅमेरा येईल आणि कोणीतरी चांगल्या कपड्यातला माणूस खिडकीतून बघून म्हणेल, मागच्याला धूसर ठेव. त्या वेळी हो म्हणा. वाद घालू नका, वेळ जातो. तो वळला की कडं फिरवा.